एकट्याची सांगड

‘सांगड घालणें’ हा वाक्प्रचार सुशिक्षितांच्या तोंडीं नित्य असतो. जुन्या-नव्याची सांगड, उत्पन्न आणि खर्च यांची सांगड, कर्तव्य आणि हौस यांची सांगड! परंतु मूळची सांगड ही पाण्यावर तरंगणारी वस्तु आहे, ही गोष्ट शहरांतील घरांतून क्वचितच कोणाच्या ध्यानीं येते. दोन होड्या किंवा दोन पोकळ ओंडके शेजारीं शेजारीं बांधावयाचे, तेंही न साधल्यास वाळलेल्या भोपळ्यांची जोडी दोरीनें जखडावयाची, आणि तिच्या आधारानें नदी उतरावयाची, हा या देशांतील फार जुना उपाय. एका ओंडक्यावर बसलेला माणूस गिरकी खाऊन पाण्यांत पडतो. तेच दोन ओंडके एकमेकांपासून हातभर अंतरावर बांधले कीं तो निश्चिंत बसूं शकतो. एवढें सारें ज्ञान त्या एका शब्दांत सांठवलेलें आहे.

हौसेनें मासे धरणाऱ्यांसाठीं ‘पाँटून’ या नांवाची जी एकट्यानें बसावयाची हवेची नाव आज बाजारांत मिळते, ती म्हणजे ही सांगडच होय. दोन बाजूंस जाड कापडाचे दोन लांबट फुगे, त्यांना जोडणारी धातूची चौकट, चौकटीवर खुर्ची आणि दोहों हातांस दोन वल्हीं. हवा काढून घडी घातली कीं सगळें बिऱ्हाड मोटारीच्या मागच्या पेटींत मावतें. हवेवर तरंगण्याची युक्तिही नवी नव्हे. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकांतील असीरियाच्या राजवाड्यांतील शिल्पांत फुगविलेल्या कातड्यांच्या आधारानें नदी ओलांडणारे सैनिक कोरलेले आहेत. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पीटर हॅल्केट नांवाच्या एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्यानें अंगरख्यासारखी पांघरतां येईल आणि वेळ पडल्यास भात्यानें फुगवितां येईल अशी रबरी नाव तयार केली होती. उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या प्रवाशांनीं ती वापरलीही.

मुंबईस नोकरी आणि पेण किंवा रोहें तालुक्यांत वडिलार्जित घर, अशी स्थिति असलेलीं कुटुंबें थोडीं नाहींत. अशा कुटुंबांतील एखादा गळाचा शोकी गृहस्थ ही नाव घ्यावयास निघतो, तेव्हां दुकानांत त्याच्यापुढें प्रश्न येतात ते असे: रंग कोणता, खुर्चीला पाठ आहे कीं नाहीं, गळ आणि आमिष ठेवावयास खिसे किती, वजन किती पेलेल. यांपैकीं शेवटचा प्रश्न तेवढा कामाचा. आणि त्याचें उत्तर घरच्या घरीं काढतां येतें. आठ फूट लांब आणि सोळा इंच व्यासाच्या एका फुग्यांत सुमारें ३०० लिटर हवा राहते. म्हणजे दोन्ही फुगे पूर्ण बुडेपर्यंत सुमारें ६०० किलो भार उचलतील. माणूस, चौकट आणि सामान मिळून ११० किलो धरले, तर फुगे पाण्यांत जेमतेम चार-पांच इंच बुडतात. या नावेचा मोठा गुण तो हाच. अर्ध्या वितीच्या पाण्यांतून ती जाते. पण जो भाग पाण्यांत नाहीं तो वाऱ्यांत आहे, आणि फुग्याचा पाऊण भाग व त्यावर बसलेला सबंध माणूस वाऱ्याच्या स्वाधीन असतो, हें दुकानांत कोणी सांगत नाहीं.

खरा प्रश्न नावेचा नसून पाण्याचा आहे. पेण आणि रोहें ही गांवें नकाशावर जवळजवळ दिसतात. दोन्ही पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांतलीं, ज्याचें नांव १९८१ मध्यें रायगड झालें. पण दोहोंकडील पाण्याचा स्वभाव अगदीं निराळा. पेणच्या पश्चिमेस धरमतरची खाडी आहे. भोगावती आणि अंबा या नद्यांचें पाणी तिला मिळतें, आणि ती मुंबई बंदराच्या दक्षिण टोंकाशीं समुद्रास मिळते. रोह्याची कुंडलिका सह्याद्रींतून उतरते, कोलाडवरून खळाळत येते, रोह्याच्या खालीं हळूहळू खाडी होते आणि कोर्लईच्या किल्ल्यापाशीं रेवदंड्यास सागर गांठते. तिसरें पाणी धरणाचें व तळ्यांचें. पेणजवळचें हेटवणें हें त्याचें मोठें उदाहरण. एकच नाव या तिन्ही पाण्यांवर सारखी चालेल असें मानणें ही पहिली चूक, आणि ती फार महागांत पडूं शकते.

ती कशी पडते हें पाहण्यासाठीं वर सांगितलेल्या गृहस्थाबरोबर खाडीवर जाणें बरें. समजा, हिवाळ्यांतील पौर्णिमा रविवारीं आली आहे. गृहस्थ सकाळीं निघाले, बाराच्या सुमारास धरमतरच्या पुलाच्या बाजूस पोंचले. खाडी कांठोकांठ भरलेली, पाणी तळ्यासारखें स्तब्ध, तिवरांच्या फांद्या पाण्याला टेकलेल्या. याहून चांगली वेळ ती कोणती, असें वाटून त्यांनीं नाव फुगविली आणि लोटली. पहिला तास सुखाचा गेला. नाव आपोआप समुद्राकडे सरकत होती. हात न हालवतां नवी नवी जागा मिळत होती. एक-दोन मासेही लागले. अडीच वाजतां परतावें म्हणून त्यांनीं नावेचें तोंड वळविलें आणि वल्हीं मारलीं, तों कांठावरचें झाड जागचें हलेना. ओहोटीला आतां पुरा जोर आला होता. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशीं भरती आणि ओहोटी यांच्या पातळींत चार मीटरांहून अधिक अंतर पडतें. तेवढें सगळें पाणी सहा तासांत खाडींतून बाहेर जावयाचें असतें, आणि मधल्या दोन तासांत त्याचा वेग सर्वांत अधिक असतो. फुग्यांच्या नावेचीं आंखूड वल्हीं त्यापुढें किती टिकणार?

बरें, कांठाला लागावें, तर कांठ जागेवर नाहीं. सकाळीं जेथें तिवरांशीं पाणी खेळत होतें, तेथें आतां पाणी आणि झाडें यांच्यामध्यें काळा, लुकलुकता चिखल उघडा पडला आहे. त्या चिखलावर निवटे उड्या मारतात, माणूस मात्र मांडीपर्यंत रुततो. आणि रुतलेला पाय ओढून काढतांना दुसरा अधिक खोल जातो. त्यांतच दुपारचा समुद्रावरील वारा सुटतो. पाणी खालीं ओढतें, वारा वर ढकलतो, दोहोंच्या झोंबाझोंबींत आंखूड, उभट लाटा उठतात आणि हलकी नाव जागच्या जागीं गरगर फिरूं लागते. खाडीच्या मध्यावरून डोलवीच्या पोलाद-कारखान्याकडे जाणारे बार्ज चालतात. त्यांच्या वाटेंत या नावेनें असणें किती धोक्याचें, हें सांगावयास नको. पाणी पुन्हां चढूं लागतें तें संध्याकाळीं सहाच्या सुमारास, म्हणजे सूर्य मावळतांना. गृहस्थ सुखरूप घरीं आले तरी ते रात्रीं आले. आणि दरम्यान घरच्या मंडळींचे सहा तास कसे गेले असतील तें त्यांचें त्यांना ठाऊक.

या प्रसंगांत नावेचा दोष नाहीं, माशांचा नाहीं. दोष वेळेचा आहे. कोळी खाडींत पाण्याविरुद्ध वल्हवीत नाहीं. पाण्याबरोबर जातो आणि पाण्याबरोबर येतो. त्याच्या पदरीं यासाठीं एक सोपा हिशेब आहे. तिथीचा आंकडा घ्यावा आणि त्यास पाऊणनें गुणावें. येईल तें भरतीचें घड्याळ. अष्टमीस आठांचे पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास; एकादशीस सव्वाआठ; पौर्णिमेस किंवा अमावास्येस पंधरांचे पाऊणपट सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, आणि खाडीच्या आंत पाणी किनाऱ्यापेक्षां मागाहून चढतें, म्हणून पुढें थोडी सूट धरावी लागते. तरीही घरच्या पंचांगावरून पुढच्या महिन्याचें पाणी सांगणारी ही रीत शहरांतल्या मुलांनींही शिकून ठेवण्याजोगी आहे.

एकट्या माणसाच्या नावेला खाडींत वेळ मिळतो तो भरतीच्या शेवटच्या दोन-अडीच तासांचा. भरती चढत असतां निघावें, तिच्याबरोबर खाडीच्या आंतल्या अंगास जावें, पाणी थबकतांच मासेमारी आवरावी आणि ओहोटीच्या पहिल्या मंद तासांत, कांठांशीं पाणी आहे तोंवर, निघाल्या जागीं परत यावें. नवख्यानें तर उधाणाचे दिवस सोडूनच द्यावेत. दशमी-एकादशीच्या सुमारास पाण्याला ‘भांग’ असते, म्हणजे चढ-उतार कमी आणि ओढ सौम्य. शिवाय भरती सकाळीं साडेसात-आठांच्या पुढेंमागें येते, वारा सुटण्यापूर्वीं घरीं परततां येतें. खारबंदिस्तीच्या उघाड्यांपासून मात्र कोणत्याही तिथीस दूर असावें. शेतांत खारें पाणी शिरूं नये म्हणून बांधलेल्या त्या बांधांना पाणी बाहेर सोडण्याची जीं दारें असतात, तेथें ओहोटीच्या वेळीं पाणी अरुंद वाटेनें धांवतें. मासे तेथें जमतात म्हणून गळवाल्यांस मोह पडतो, आणि हलकी नाव तेथेंच दाराकडे खेंचली जाते किंवा भोवऱ्यांत सांपडते.

अशा खाडीसाठीं नाव घ्यावयाची तर ती आंखूड आणि हलकी असावी. आठ फुटांची, एकट्यास उचलतां येईल अशी. कारण चिखलांतून ओढण्याचा प्रसंग केव्हां तरी येणारच. फुग्याच्या खालच्या बाजूस दुहेरी कापड हवें. खाडींतल्या खडकांस, पुलांच्या खांबांस आणि जुन्या खुंटांस कालवें चिकटलेलीं असतात, आणि कालवाची शिंप वस्तऱ्यासारखी कापते. पायांत रबरी पंख घालून ते पाण्यांत हलवीत नाव चालविण्याची परदेशी रीत येथें नको. थंड, नितळ तळ्यांत ती शोभते, आपल्या गढूळ खाडींत पायाखालीं काय आहे तें दिसत नाहीं.

एक गोष्ट सांगड या रचनेच्या पोटांतच आहे आणि ती नीट समजून घ्यावयास हवी. होडीला भोंक पडलें तर ती हळूहळू भरते. सांगडीचा एक फुगा बसला तर दुसरा तरंगत राहतो आणि म्हणूनच माणसाला उलटवितो. ज्या दुहेरीपणामुळें ती कलंडत नाहीं, तोच दुहेरीपणा एक बाजू गेली कीं तिला कलंडवितो. यासाठीं प्रत्येक फुग्यांत हवेचे निदान दोन स्वतंत्र कप्पे असलेलीच नाव घ्यावी, मग तिला खिसे कमी असले तरी चालतील. आणि तरंगतें जाकीट अंगांत असावें. खुर्चीच्या पाठीला टांगलेलें नव्हे.

कोंकणच्या उन्हाचाही विचार करावा लागतो. हवा तापली कीं तिचा दाब वाढतो, हें शाळेंत सर्वांनीं वाचलेलें असतें. पहाटे २७ अंश उष्णतेस फुग्यांत दर चौरस इंचास २ पौंड दाब भरला आणि नाव दुपारीं बांधावर उन्हांत ठेवली, तर आंतली हवा ५७ अंशांपर्यंत तापूं शकते. आणि मग तोच दाब साडेतीन पौंडांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो. शिवण उसवते ती अशी. कांठाला आल्याबरोबर थोडी हवा सोडावी. उलट, उन्हांत घट्ट फुगविलेली नाव थंड पाण्यावर सोडली कीं सैल पडते, म्हणून पाण्यावर दहा मिनिटें ठेवून पुन्हां पंप मारावा. नांगराविषयींही एक दक्षता हवी. वाहत्या पाण्यांत नांगराची दोरी कधींही बाजूला बांधूं नये. ती नेहमीं टोंकाला असावी, आणि गांठ एका ओढीनें सुटणारी असावी. खरें पाहतां धरमतरच्या चिखलांत लोखंडी नांगरापेक्षां एक लांब बांबूच बरा. तो चिखलांत खोंवावा, नाव त्याला टेकवावी, आणि निघावेसें वाटलें कीं उपटून घ्यावा.

रोह्याकडे आलें कीं हा सगळा हिशेब बदलतो. कुंडलिकेच्या वरच्या भागांत चंद्राची सत्ता चालत नाहीं, तेथें वीजघराची चालते. मुळशीच्या धरणांत अडविलेलें पाणी, जें एरवीं पूर्वेस वाहून बंगालच्या उपसागरास मिळालें असतें, तें घाटाखालीं भिरा येथील वीजघरांत सोडून १९२७ पासून वीज काढली जाते. तें काम झालेलें पाणी कुंडलिकेंत येतें. (या धरणासाठीं जमिनी गेलेल्या मावळ्यांनीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं केलेला सत्याग्रह प्रसिद्ध आहे.) पाणी सुटलें कीं नदी चढते, थांबलें कीं उतरते. कोलाडला रबरी तराफ्यांतून खळाळ उतरण्याचा जो खेळ चालतो, तो या सकाळच्या पाण्यावरच. गळ घेऊन बसलेल्या एकट्याला मात्र हें पाणी अनोळखी पाहुण्यासारखें येतें. ज्या गोट्यावर त्यानें न्याहारीचा डबा ठेवला तो गोटा पाहतां पाहतां नाहींसा होतो, आणि मघांचा संथ डोह धांवूं लागतो. म्हणून पाणी केव्हां सुटणार याची चौकशी कांठच्या गांवांत केल्यावांचून तेथें नाव घालूं नये.

या पाण्यासाठीं नाव जराशी लांब, नऊ-दहा फुटांची हवी. फुग्यांचीं दोन्ही टोंकें वर उचललेलीं हवींत, म्हणजे लाटेंत तीं घुसत नाहींत. आणि वल्हीं लांब व मजबूत हवींत. नदींत वल्हीं मारावयाचीं तीं पुढें जाण्यासाठीं नसतात, मागें थोपून धरण्यासाठीं असतात: तोंड धोक्याकडे ठेवावें आणि उलटें वल्हवून बाजूला सरकावें. कांठावरून पाण्यांत लोंबणाऱ्या फांद्या हा तेथील सर्वांत मोठा शत्रु. पाणी फांद्यांतून निघून जातें, नाव आणि माणूस अडकून राहतात. रोह्याच्या खालीं पुन्हां भरतीचें राज्य लागतें. पण धाटावच्या रासायनिक कारखान्यांमुळें तेथील पाण्याबद्दल मच्छीमारांची तक्रार जुनी आहे, तेव्हां तेथला मासा घरीं नेण्यापूर्वीं त्यांनाच विचारलेलें बरें.

राहिलें धरणांचें आणि तळ्यांचें पाणी. या नावेचें खरें माहेर तें. भरती नाहीं, ओढ नाहीं, चिखल बेताचा. फक्त दुपारचा वारा संभाळावा आणि कांठाला धरून राहावें. धरणांतील मासेमारीचा हक्क पुष्कळदां सहकारी संस्थांकडे असतो, त्यांची परवानगी आधीं घ्यावी. तेथें येणारे गरीब मच्छीमार मोटारीच्या चाकाच्या ट्यूबवर किंवा थर्मोकोलच्या ठोकळ्यांच्या तराफ्यावर बसलेले दिसतात. त्यांस पाहून, आपणही स्वस्तांत तेंच करावें असें हौशी माणसाला वाटतें. थर्मोकोल फुटत नाहीं हें खरें, पण तो झिजून त्याचे पांढरे कण पाण्यावर पसरतात. आणि ट्यूबला तर कप्पा एकच. जो मनुष्य त्यावर रोज पोट भरतो त्याचें कौशल्य त्याच्या अंगांत आहे, ट्यूबमध्यें नव्हे.

आणि कोळ्याची होडी? खाडीच्या कांठीं कायम राहणारानें तीच घ्यावी, यांत वाद नाहीं. तिची धार पाणी कापते, वारा तिला कमी लागतो, जाळें ओढतांना ती दबत नाहीं. हवेच्या सांगडीचा तिच्यापेक्षां वरचढ गुण एकच: ती मुंबईहून मोटारींत घालून आणतां येते. ज्याला त्या गुणाची गरज नाहीं त्यानें पैसे वांचवावेत, आणि शक्य तर पहिलें वर्षभर एखाद्या जाणत्या कोळ्याच्या होडींत दुसरा माणूस म्हणून बसावें.

ही सारी यातायात ज्याच्यासाठीं, तो जिताडा. पेण-अलिबागकडे जांवई आला कीं जिताडा हवा, असा लौकिक आहे. खारपट्ट्यांतील कित्येक शेतकरी घराशेजारच्या तळ्यांत तो मुद्दाम वाढवितात. हा मासा जन्मतो नर आणि मोठा झाल्यावर मादी होतो, ही सृष्टींतील एक नवलाची गोष्ट; त्यामुळें मोठा जिताडा बहुधा अंडीं घालणारी मादीच असते. मोठा जिताडा गळाला लागला तर हलकी नाव तोच ओढीत नेतो. दोरी चौकटीला बांधून ठेवणाऱ्यावर अशा वेळीं नाव आडवी होण्याचा प्रसंग येतो. गळाची काठी हातांत असावी, कमरेला सुरी असावी, आणि मासा तिवरांच्या मुळांकडे किंवा उघाडीकडे ओढूं लागला तर दोरी कापावयास हात कचरूं नये.

पाऊस लागला कीं नाव घरीं येते, आणि मग ती घरच्या माणसांची होते. खारें पाणी गोड्या पाण्यानें धुवून काढावें, चौकटीचे सांधे पुसून त्यांस तेल लावावें, फुगे सावलींत पुरते वाळवावेत व थोडी हवा ठेवूनच टांगावेत. माळ्यावर घडी करून ठेवलेलें कापड उंदरांना फार आवडतें. आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या भांगेस, पहांटे पांच वाजतां, अंगणांत पंप मारीत बसलेल्या गृहस्थांना तें भोंक सांपडतें.